राशोमोनचा पाऊस

आज जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०) हा सिनेमा पुन्हा पाहिला, फक्त उजेडाकडे लक्ष ठेवून. वेशीवरचा पाऊस इतका ठसठशीत दिसतो कारण पाण्यात काळी शाई कालवलेली आहे. फिकट आभाळापुढे साध्या पाण्याच्या धारा कॅमेऱ्यात उमटत नाहीत. जंगलात वेगळीच पंचाईत. दाट झाडीत उजेड परतवणारे नेहमीचे रिफ्लेक्टर तोकडे पडतात, म्हणून कॅमेरामन काझुओ मियागावाने सरळ आरसे लावून ऊन चेहऱ्यांवर फेकलं. वर कॅमेरा थेट सूर्याकडे वळवला, जे तेव्हा कटाक्षाने टाळायचे!

१९५१मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगाचं लक्ष जपानी सिनेमाकडे वळलं. एकाच गुन्ह्याच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या चार जबान्या, ही रचना पुढे अनेकांनी उचलली. पण बरेच जण शेवटी 'खरं काय घडलं' ते सांगून टाकतात, आणि तिथेच माती खातात.