हातचे तीन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "तुमच्या खेळातल्या कारकिर्दीबद्दल लिहा" असा मेसेज आला तेव्हा आधी वाटलं दुसऱ्या कुणाला जायचा तो चुकून मला आलाय. कारण ऑफिसबाहेर तो जो सोनेरी अक्षरांचा बोर्ड आहे ना, त्याच्यावर माझं नाव नाहीये, आणि असायचं काही कारणही नाही, त्या बोर्डावर पहिले आलेले चढतात आणि मी शाळेत असेपर्यंत एकदाही कशातच पहिली आले नाही. शंभर मीटरला माझ्याच वर्गातली एक मुलगी होती, पाच वर्षं मी तिच्या मागे पळाले, तिची पाठ मला तोंडपाठ होती, वेणीचे पेड मोजता आले असते. उंच उडीला तिसरी, गोळ्याला दुसरी, लांब उडीला दुसरी, कधी तिसरी. बक्षीस समारंभाला मी स्टेजवर चार-चार वेळा चढायचे आणि चारही वेळा बाजूच्या बुटक्या खोक्यावर उभी राहायचे. मैत्रिणी म्हणायच्या तुला उपविजेती म्हणून कायमची नोकरी लागलीये.

नववीत स्पोर्ट्स संपल्यावर पीटीच्या सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. आमच्या बॅचच्या लोकांना आठवत असेल, हे सर गणिताचे ऑफ तास पण घ्यायचे आणि दर वेळी पाढे म्हणायला लावायचे. त्यांच्यासमोर एक वही होती आणि कुठूनतरी मिळवलेली पॉइंट टेबलची, म्हणजे किती पळालं, किती उडालं की किती पॉइंट त्या तक्त्याची झेरॉक्स, इतकी फिकट की ३ आणि ८ यातला फरक कळत नव्हता. मला म्हणाले, "तुझा एकही पहिला नंबर नाही, मान्य. पण आपण नंबर बघायचेच नाहीत, बेरीज करू." मग माझे चार आकडे टेबलात शोधून वहीत एकाखाली एक मांडले, खाली रेघ ओढली, पुटपुटत बेरीज केली आणि १८६० लिहून त्याला गोल केला. वर १८०० असं आधीच लिहिलेलं होतं. "त्याच्या वर गेलीस तर तुला हेप्टाथलॉनला पाठवायचं असं मी ठरवलं होतं, आता जायचं," सर म्हणाले. झालं. एवढ्यावर माझं करिअर सुरू झालं, मला हेप्टाथलॉनचं स्पेलिंगही येत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हेप्टाथलॉन म्हणजे सात इव्हेंट, दोन दिवसांत. पहिल्या दिवशी १०० मीटर हर्डल्स, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि सगळ्यात शेवटी ८०० मीटर, म्हणजे अंगात काहीच उरलेलं नसतं तेव्हा. पुरुषांचं डेकॅथलॉन दहा इव्हेंटचं. गंमत अशी की यात तुम्ही कितवे आलात याला शून्य किंमत, किती केलंत ते बघतात. उंच उडी दीड मीटर मारली की ६२१ पॉइंट, अजून ३ सेंटीमीटर चढलात की ६५५, मग बाकीच्यांनी काहीही मारू दे. ज्या मुलीची पाठ मी पाच वर्षं बघितली तिचा आणि माझा हिशोबच संपला एकदम. मला तर हे टेबल म्हणजे देवाघरचा न्याय वाटला होता.

पण आधी शिकायचं होतं. हर्डल्स आणि भाला मी आयुष्यात हातात घेतले नव्हते. हर्डल्समध्ये पहिला अडथळा १३ मीटरवर, मग दर साडेआठ मीटरवर एक असे दहा, आणि मध्ये तीनच पावलं टाकायची. शाळेत हर्डल्स नव्हते, सर दोन खुर्च्यांवर वेळू ठेवायचे, पाय लागला की वेळू पडायचा आणि पाठोपाठ खुर्ची. तीन पावलं बसेनात म्हणून मी पाच टाकायचे, पाचाने लय येते पण वेग मरतो, चार टाकली तर पुढचा पाय बदलतो आणि मी वेळूसमोर येऊन घोड्यासारखी अडायचे. सहा महिने लागले तीन पावलांना. सिनियर गटाला अडथळा ८३.८ सेंटीमीटरचा असतो, माझ्या कमरेच्या किती जवळ येतो ते पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा कळलं.

आणि सात गोष्टी एकत्र शिकणं म्हणजे सात सुनांच्या घरात राहणं आहे, एकीचं कौतुक केलं की दुसरी रुसते. गोळ्यासाठी अंग कमावलं की उंच उडी बिघडली. ८०० साठी लांब पळायला लागले की दोनशेचा वेग गेला. भाल्याने खांदा दुखला की हर्डल्समध्ये हात चालेना. नुसती लांब उडी करणारी मुलगी आठवडाभर लांब उडीच करते, आम्हाला तिच्या वाट्याला आठवड्यातले दोन तास मिळायचे, कधी तेही नाही. आम्हाला कुणी "सगळं थोडं थोडं येतं" म्हटलं की राग यायचा. थोडं थोडं नव्हतं हो ते, सगळं दमवून दमवून येत होतं.

त्याच वर्षी, म्हणजे २००३ ला, सरांनी पेपरचं कात्रण आणलं, स्वीडनची कॅरोलिना क्लुफ्ट, पॅरिसची वर्ल्ड चॅम्पियनशिप, ७००१ पॉइंट, वय २०. ते कात्रण माझ्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं. मुलांना मात्र सर बॉब मथायसचं सांगायचे, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १७ वर्षांचा पोरगा डेकॅथलॉनचं गोल्ड घेऊन गेला, आणि त्यातही गोळाफेकीत सर्कलच्या पुढच्या बाजूने बाहेर आला म्हणून त्याची एक फेक फाउल धरली, कारण त्याला तो नियमच माहीत नव्हता. "नियम वाचा रे," एवढंच सरांना त्यातून सांगायचं असायचं. गोल्डचं काही नाही!

नियमांवरून आठवलं. आमच्या इव्हेंटला उड्या आणि फेकी तीनच मिळतात, उंच उडी सोडून. सिंगल इव्हेंटच्या फायनलला आमच्या वेळी पहिल्या आठांना सहा मिळायच्या. आणि एखाद्या इव्हेंटला स्टार्टच केला नाही तर तुम्ही स्पर्धेतून बाहेर, टोटलच लागत नाही. पण स्टार्ट केला आणि काहीच झालं नाही, तर शून्य मिळतं आणि पुढचा इव्हेंट खेळता येतो. हा फरक मी पुस्तकात वाचून शिकले नाही.

अकरावीतली गोष्ट. (तेव्हा मी शाळेत नव्हते पण प्रॅक्टिस शाळेच्याच ग्राउंडवर, सरांकडेच चालायची, म्हणून या स्मरणिकेत चालेल असं धरते.) पहिला दिवस माझ्या मानाने फारच भारी गेला होता, रात्री झोपेतसुद्धा बेरजा चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लांब उडी. वारा पाठीमागून होता. मी आदल्या संध्याकाळी पावलांनी मोजून ठेवलेला रनअप तसाच ठेवला, पाठीवर वारा असला की पावलं लांबतात, मार्क, म्हणजे पळायला सुरुवात करायची खूण, थोडा मागे घ्यायला हवा, हे मला माहीत होतं, खरंच माहीत होतं, पण आदल्या दिवशीचे आकडे डोक्यात गेले होते. पहिली फाउल, ज्या बोर्डवरून उडी मारायची त्याच्या चांगली अर्धी टाच पुढे. दुसरी फाउल. तिसऱ्या वेळी मार्क मागे घेतला, आणि मग करू नये ते केलं, पळता पळता बोर्डकडे बघितलं. पाऊल आखडलं, उडी कसली, ओलांडलेलं डबकं ते, आणि तरीही बोर्डपुढच्या मऊ प्लॅस्टिसिनवर बुटाच्या टोकाची चंद्रकोर उमटली. लाल झेंडा. शून्य. साधी ५ मीटरची उडी मारली असती तरी साडेपाचशे पॉइंट होते.

मी जाऊन स्पाइक्स सोडायला बसले. सर कठड्यापलीकडून आले, रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. फक्त विचारलं, "भाला किती वाजता आहे?" मी म्हटलं सर आता काय उपयोग. ते म्हणाले, "शून्य मिळालंय, म्हणजे बेरजेत ओळ आहे. निघून गेलीस तर ओळच नाही." मी भाला फेकला, रडत रडत, आणि ८०० पळाले. शेवटून दुसरी आले एकूणात.

२०१५ ला बीजिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्रिटनच्या कॅटरिना जॉन्सन-थॉम्पसनने लांब उडीचे तिन्ही फाउल केले, मेडल समोर दिसत असताना, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहिले आणि नवऱ्याला कळेना या बाईला काय झालं. तीच २०१९ ला दोह्यात ६९८१ पॉइंट करून वर्ल्ड चॅम्पियन झाली. मी काही झाले नाही, पण त्या चार वर्षांत तिने बोर्डकडे न बघता पळायचा किती सराव केला असेल याचा अंदाज मला आहे.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या कुठल्या इव्हेंटवाल्यांना मिळत नाही. दोन दिवसांत खेळण्याचा वेळ धरला तर काही मिनिटंच भरतात, बाकी सगळी वाट बघणं. त्या वेळात तुम्ही त्याच त्या दहा-बारा मुलींसोबत एकाच सावलीत पडून असता. एकीकडे टेप असते, एकीकडे जास्तीचं टॉवेल, एकीला नियम सगळे पाठ. माझ्या पुढे असलेल्या मुलीने मला उंच उडीच्या वेळी सांगितलंय की तुझा टेक-ऑफ बारच्या फार जवळ होतोय, आणि मी ते ऐकून बार पार करून तिचेच पॉइंट खाल्लेत. ८०० संपली की सगळ्या ट्रॅकवर आडव्या होतात आणि मग उठून हात धरून एकत्र फेरी मारतात, पहिली आलेली आणि शेवटची आलेली, जगभर हीच पद्धत आहे. शंभर मीटरवाल्यांना सांगून बघा.

माझी सगळ्यात चांगली स्पर्धा विसाव्या वर्षी झाली. ४२०२ पॉइंट. चौथी. तिसरीपेक्षा ९ पॉइंट कमी. आता ९ पॉइंट म्हणजे काय ते सांगते, लांब उडीचे ४ सेंटीमीटर, भाल्याचा अर्धा मीटर, ८०० चं एक सेकंदसुद्धा नाही, कारण आमच्या टायमिंगला एक सेकंद म्हणजे साधारण १२ पॉइंट. त्या ८०० मध्ये शेवटच्या वळणावर माझ्यापुढे एक मुलगी दमून अडकली होती, मी तिला बाहेरून काढलं आणि २ मिनिटं ३२ सेकंदांत आले, मला वाटलं जिंकलेच. स्कोअर लागायला वीस मिनिटं लागली. नंतर कुणीतरी समजूत घालायला सांगितलं की १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला, हेप्टाथलॉन पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा, ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन ६३९० आणि अमेरिकेची जॅकी जॉयनर ६३८५, पाच पॉइंटने जॅकीचं गोल्ड गेलं. हो, पण मग त्याच जॅकीने १९८८ ला सोलमध्ये ७२९१ केले आणि तो वर्ल्ड रेकॉर्ड इतकी वर्षं झाली तरी कुणाला मोडता आलेला नाही. माझा गुडघा पुढच्या सीझनला गेला. उडीवाल्यांना होतं तेच, वाटीखालचा स्नायूबंध, सकाळी जिना उतरता येईना. दीड वर्ष प्रयत्न केला, मग सोडलं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

२०१८ ला स्वप्ना बर्मनने जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं, दातदुखीने सुजलेल्या गालावर पट्टी लावून, दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, बूट धड बसत नाहीत, आणि ६०२६ पॉइंट. मी सरांना फोन केला तर त्यांचा फोन एंगेज, कारण ते मला लावत होते.

आता खरी गोष्ट. या लेखासाठी सरांकडून ती वही मागवली. रिटायर झाल्यावरही त्यांनी ठेवली होती, आत नववीचं ते पान तसंच. उंच उडी ४६०, गोळा ३६७, लांब उडी ३७९, दोनशे ५५४. खाली गोलात १८६०. सहज म्हणून मी बेरीज केली. एककाची वीस, हातचे दोन. दशकाची चोवीस आणि दोन सव्वीस, हातचे दोन. शतकाची पंधरा आणि दोन सतरा. १७६०. परत केली. मोबाइलवर केली. १७६०.

सरांना फोन लावला. म्हटलं सर, शतकाच्या घरात हातचे दोन होते, तुम्ही तीन धरलेत.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "१७६० म्हणजे १८०० च्या आतच की गं."

"हो ना. मुद्दाम केलं होतंत?"

"छे. माझं गणित कच्चंच होतं, म्हणून तर तुमच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचो." आणि मला पुढे काही बोलू न देता, "ते राहू दे. मला एक सांग, तेव्हापासून विचारायचंय, त्या ८०० ला शेवटच्या वळणावर तू बाहेरून का गेलीस? अख्खं वळण दुसऱ्या लेनमधून काढलंस. पावणेचार मीटर जास्त पळालीस. म्हणजे पाऊण सेकंद. म्हणजे नऊ पॉइंट. सरळ लागेपर्यंत थांबायला काय झालं होतं तुला?"