सर्वानुमते मंजूर

इतिवृत्तात विषय क्रमांक ६ खाली दोनच शब्द आहेत: सर्वानुमते मंजूर. परिषद पंधरा जणांची, गणपूर्तीला लागतात आठ, त्या दिवशी हजर होते बरोब्बर आठ. कागदोपत्री चूक काढायला जागा नाही. फक्त त्या आठांतल्या एका सदस्यबाईंना विषय ६ ची चर्चा समजलीच नव्हती. त्या कर्णबधिर आहेत आणि दुभाषी तोवर निघून गेली होती.

आरोग्य आणि अपंगत्वाच्या सल्लागार परिषदेवर आम्ही सगळे स्वयंसेवक आहोत. प्रवासखर्च मिळतो, मानधन नाही. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही तिथे काहीतरी ठरवतो. आम्ही शिफारस करतो, एवढंच. त्यातही काम कोणी करायचं, कधीपर्यंत आणि झालं की कोणाला कळवायचं हे लिहिलं नसेल, तर शिफारस फायलीत पडून राहते. ‘विभागाने विचार करावा’ असं लिहिलं की विभाग विचार करत बसतो. ‘तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे’ असं लिहिलं, तर निदान नकार तरी हातात पडतो.

विषय होता घरोघरच्या आरोग्य पाहणीच्या फॉर्मचा. जुन्या फॉर्मवर एकच प्रश्न होता: ‘घरात कोणी अपंग आहे का? हो / नाही.’ याला उत्तर ‘नाही’च येतं. आजोबांना ऐकू येत नाही, पण ते वयामुळे. आजींना जिना चढवत नाही, पण ती गुडघेदुखी. ज्या मुलाबद्दल चारचौघांत बोलायचं नाही असं घराने ठरवलंय, ते तर मोजलंच जात नाही. म्हणून आम्ही वॉशिंग्टन ग्रुपचा छोटा प्रश्नसंच सुचवला होता. हा गट संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये स्थापन झाला. प्रश्न सहा: दिसणं, ऐकणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, आठवणं किंवा लक्ष लागणं, स्वतःचं स्वतः आवरणं, आणि आपल्या नेहमीच्या भाषेत बोलणं-समजणं. उत्तरं चार: अजिबात अडचण नाही, थोडी अडचण आहे, खूप अडचण आहे, जमतच नाही. एका जरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘जमतच नाही’ आलं, तर ती व्यक्ती मोजणीत धरायची. ‘अपंग’ हा शब्द विचारणाऱ्याने कुठेही उच्चारायचा नाही, सगळी खुबी तिथेच आहे. मानसिक आजार या सहांतून नीट पकडले जात नाहीत, तेवढी उणीव मान्य. विभागाची हरकत मात्र वेगळीच होती: वेळ लागेल. आम्ही घड्याळ लावून विचारून पाहिलं. एका माणसाला दोन मिनिटंही लागली नाहीत.

आता दुभाषीचं. सांकेतिक भाषेचे दुभाषी जोडीने बोलवायचे असतात आणि दर वीस-तीस मिनिटांनी त्यांनी आलटून पालटून काम करायचं असतं. ऐकता ऐकता हात चालवणं हे डोक्याचं काम आहे. एकटा माणूस थकला की आधी बारकावे गळतात, मग वाक्यंच्या वाक्यं. कागद दोन दिवस आधी द्यायचे, म्हणजे नावं आणि लघुरूपं आयत्या वेळी अडत नाहीत. दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी हवी आणि तिच्या पाठीमागे खिडकी नको, नाहीतर उजेडामुळे तिचा चेहरा काळा दिसतो. सांकेतिक भाषेचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावरच असतं.

हे सगळं सचिवांना लेखी दिलेलं होतं. आली एकच दुभाषी, अकरा ते एकसाठी. सभा अकरा चाळीसला सुरू झाली, कारण एक अधिकारी यायचे होते. ते आल्यावर मागचं इतिवृत्त कायम करण्यावर पंचवीस मिनिटं गेली. एक वाजता दुभाषी उठली, तिला एका रुग्णासोबत पुढे जायचं होतं. तिची यात काडीचीही चूक नाही. विषय ६ निघाला एक दहाला.

कोणीतरी मोबाइलवर आपोआप उमटणारी अक्षरं लावून बाईंपुढे ठेवली. तीन माणसं एकदम बोलत असताना त्या पडद्यावर काय उमटतं ते एकदा बघाच. शिवाय सांकेतिक भाषाच जिची पहिली भाषा आहे, तिच्यासाठी लिखित मजकूर ही दुसरी भाषा असते, हेही कोणाच्या गावी नव्हतं. बाईंनी एक चिठ्ठी आणली होती: सहाही प्रश्न ज्याचे त्यालाच विचारावेत, कुटुंबप्रमुखाला नव्हे, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं तर फॉर्मवर तशी खूण असावी. पाहणीतली नेमकी मेख ओळखणारी दुरुस्ती होती ती. घरातल्या खुणांवर ज्यांचं सगळं भागतं त्यांना ‘समजण्यात अडचण नाही’ असं घरचे बिनधास्त सांगतात. चिठ्ठी त्यांच्या हातातच राहिली. अध्यक्षांनी ‘सर्वांना मान्य?’ विचारलं, हात वर झाले. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनीही केला. माझा हात आधीच वर होता.

घोळ असा आहे. विषय ६ वेळी त्या हजर नव्हत्या असं पुढच्या सभेत धरायला लावलं, तर गणपूर्ती मोडते, ठराव पडतो आणि छपाईला जुना एका प्रश्नाचा फॉर्म जातो. गप्प बसलं, तर सहा प्रश्न जातात, पण उत्तरं कुटुंबप्रमुखाची. इतिवृत्त कायम करताना फक्त नोंद चुकली एवढंच म्हणता येतं, निर्णय उघडता येत नाही. त्यासाठी वेगळा विषय लागतो आणि आयत्या वेळच्या विषयांत तो घेतला की कोणीतरी ‘वेळ संपली’ म्हणतंच. म्हणून बाईंना विचारून त्यांची चिठ्ठी स्वतंत्र विषय म्हणून पाठवली आहे. सोबत इतिवृत्तात एक ओळ वाढवायची मागणी केली आहे: ‘विषय ६ वेळी दुभाषी उपलब्ध नव्हती.’

सचिवांचं उत्तर आलं. सदस्य उपस्थित होत्या, हजेरीपटावर त्यांची सही आहे. सही आहेच. अकराला केलेली.