वास येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि उत्तर आधीच सांगून टाकते: येतो. सहा वर्षांत तीनदा आला.

ओल्या कचऱ्याचं खत करायला घरात गांडुळं पाळली आहेत म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. नळ दुरुस्त करायला आलेला विचारतो, भिशीतल्या मैत्रिणी विचारतात. मुलाच्या स्थळाच्या निमित्ताने आलेली मंडळी तोंडाने विचारत नाहीत, पण चहा पिताना त्यांचं नाक बाल्कनीकडे वळलेलं असतं.

आमची पेटी म्हणजे थाटाचं काही नाही. मंडईत भाजीला असतात तसले दोन क्रेट, आतून शेडनेट लावलेले, एकावर एक, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी. खाली ट्रे, वर ओलं गोणपाट. आत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, रसवंतीवाल्याकडून आणून वाळवलेली उसाची चिपाडं आणि थोडं जुनं शेण. पहिली पाव किलो गांडुळं एका रोपवाटिकेतून आणली. कुंडी उकरल्यावर सापडतात ती या कामाची नाहीत, ती मातीत बिळं करून राहणारी. मला लागतात ती वरवरच्या कुजक्या पाचोळ्यात राहणारी. माझी तांबूस आहेत, अंगावर फिकट पट्टे, नाव आयसेनिया फेटिडा. फेटिडा म्हणजे लॅटिनमध्ये दुर्गंधी. चिमटीत जोरात धरलं तर ते अंगातून पिवळट, उग्र वासाचा द्रव सोडतं, त्यावरून हे नाव पडलं. ही माहिती मी सासूबाईंपासून अजून लपवून ठेवली आहे.

आता ते तीनदा.

पहिल्यांदा आला तो नवखेपणामुळे. गांडुळांना ओल लागते एवढं वाचलं होतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी. पंधरा दिवसांत खालच्या क्रेटमध्ये चिखल झाला आणि गटाराचा वास सुटला. रोपवाटिकेतल्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, मूठभर घ्या आणि आवळा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला पाहिजे, धार नाही." माझ्या मुठीतून धार आली. तेव्हापासून पाणी घालायचं ते मुठीला विचारून. पुण्यात जून ते सप्टेंबर बहुतेक वेळा घालावंच लागत नाही, सालींचंच पुरतं.

दुसऱ्यांदाचा वास जरा सविस्तर सांगायला हवा, कारण तो गौरीजेवणाचा आहे.

आमच्याकडे गौरी असतात. त्या वर्षी बावीस पानं होती. सोळा भाज्या, पुरण, कढी, पंचामृत, सगळं साग्रसंगीत. दुपारी चारला शेवटची पंगत उठली आणि सहाला हळदीकुंकवाच्या बायका यायच्या होत्या. ओल्या कचऱ्याची बादली भरून वाहत होती. मी घाईघाईत पानांतलं उष्टं, पुरणाची खरवड, काकडीच्या साली, सगळं पेटीत रिचवलं आणि नजरेआड व्हावं म्हणून वर केळीची पानं नीट, सपाट, एकावर एक झाकली. पेटी रोज पाव किलो खाणारी, मी घातलं तीन-साडेतीन किलो. रात्री पाऊस लागला.

सकाळी सासूबाईंची हाक आली. स्वयंपाकघराच्या फरशीवर, बाल्कनीच्या उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत, वीस-पंचवीस गांडुळं. क्रेटच्या कडांना तर लोंबलेली. गोणपाट उचललं आणि वास असा आला की मी मागे सरले. आत हात घातला तर गरम लागलं. सासूबाई कोल्हापूरकडच्या, त्यांच्याकडे गांडुळाला काडू म्हणतात. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अगं, फार आग्रह केलास. काडू पानावरून उठून आले."

झालं होतं ते असं. गांडुळाला दात नसतात. साल आधी जिवाणू आणि बुरशी मऊ करतात, मग गांडूळ ते मऊ झालेलं त्या जिवाणूंसकट गिळतं. म्हणजे पेटीत कुजणं रोजच चालू असतं. खेळती हवा असेल तर त्या कुजण्याला फारसा वास नसतो. हवा संपली की बिनहवेचे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्याचा, आंबलेला वास सुटतो. शिवाय पुरणात डाळ. डाळीतला नत्र जास्त झाला की अमोनिया तयार होतो, आणि तो गांडुळांना मारतोच. ती श्वास घेतात ओल्या कातडीवाटे. माझ्या केळीच्या पानांनी वरून झाकण घातलं, खालचं अन्न तापलं, मग ती पळणार नाहीत तर काय करणार?

गौरी बोळवून आल्यावर मी साडी न बदलता वर्तमानपत्रं फाडायला बसले. सगळं बाहेर पसरलं, उष्टं वेचून काढलं, फाडलेले कागद आणि सुकी चिपाडं भरपूर मिसळली. अंदाजे निम्मी गांडुळं गेली होती. अंदाजे म्हणते, कारण मेलेली सापडत नाहीत. त्यांचं अंग इतकं मऊ, की दोन-तीन दिवसांत माती होते. पण कोष उरले होते. मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे, पिवळसर. एकातून दोन-तीन पिल्लं निघतात, पांढरी, दोऱ्याच्या तुकड्यासारखी. दिवाळी उलटून थंडी पडली तोवर पेटी पुन्हा नांदती झाली. तेव्हापासून आमच्या पेटीत उष्टं, तेलकट, फोडणीचं, दुधातुपाचं काही जात नाही. लिंबाच्या साली नाहीत, मिरच्यांचे देठही नाहीत. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात आमचीही बादली रोज जाते, अर्धी का होईना. गांडुळं पाळली म्हणजे घरातला सगळा कचरा संपतो असं कुणी सांगितलं तर समजा, त्याच्या घरी स्वयंपाक होत नाही.

तिसऱ्यांदाचा वास आंब्याचा. मे महिन्यात साली आणि कोयी घातल्या, पेटीला दारूसारखा आंबूस वास आला आणि घरभर चिलटं झाली. साली खोल पुरल्या, वर कोरडा कागद टाकला, आठवड्यात गेली. कोयी मात्र अजून आहेत, एकीला तर कोंब फुटला.

हे तीन माझे. चौथा माझ्यावर आळ होता. गेल्या श्रावणात घरात चार दिवस कुबट वास येत होता, नवऱ्याने पेटी जिन्यात नेऊन ठेवली, मी मुकाट ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी ट्रॉलीच्या मागे पडलेला सडका बटाटा सापडला. बटाट्याबद्दल कुणी माझी माफी मागितलेली नाही.

आणि गांडुळांना वास येतो का? हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, पण डार्विनला पडला होता. त्याने गांडुळांवर एक पुस्तकच लिहिलं, १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी. तंबाखू चघळून त्याने गांडुळांवर हलकेच श्वास सोडून पाहिला, अत्तराचा बोळा तोंडात धरून सोडून पाहिला. ती ढिम्म. पण कोबीच्या पानाचे आणि कांद्याचे तुकडे मातीत पुरले तर शोधून काढली. म्हणजे खाण्याचा वास बरोबर येतो. त्याच्या गांडुळांना कांदा आवडायचा म्हणे. माझी कांद्याच्या सालींना महिना महिना तोंड लावत नाहीत. त्याची विलायती, शिवाय जातही वेगळी.

माझ्या बँकेतली एक सहकारी फुरसुंगीची होती. आपला पुण्याचा कचरा १९९०च्या दशकापासून वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर ओतला गेला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली, ते आपण पेपरात वाचलं, आणि गाड्या अडल्या की आपल्या चौकातल्या कुंड्या वाहायला लागल्या म्हणून वैतागलो. ती सांगायची, घरी पाहुणे आले की आधी खिडक्या लावायच्या, मग पाणी द्यायचं. मी तिच्याशेजारी अकरा वर्षं बसले आणि डब्यातलं उरलेलं कचऱ्याच्या टोपलीत टाकत राहिले. पेटी आणली ती निवृत्तीनंतर. तिच्यासाठी आणली असं म्हटलं तर खोटं होईल. गुलाबाला खत हवं होतं.

महापालिका गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात सवलत देते, त्याचं पुष्कळांना आकर्षण असतं. माझ्या दोन क्रेटनी ती मिळवावी अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही.

चांगल्या दिवशी पेटीला कसला वास येतो, हेही विचारा कधी. पहिल्या पावसाचा येतो, आणि ते मी कौतुकाने म्हणत नाही. मातीतले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. वळवाच्या सरीनंतर जमिनीतून येणाऱ्या वासात ते असतं आणि तयार खतातही तेच असतं. खत चहाच्या पुडीसारखं काळं, रवाळ झालं आणि हा वास आला की काढायचं. क्रेटच्या एका बाजूला नवं खाणं घालत राहायचं, आठ-दहा दिवसांत बहुतेक गांडुळं तिकडे सरकतात, मग दुसरी बाजू उपसायची.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर विकत आणू नका, माझ्याकडून दोन ओंजळी घेऊन जा, कोषांसकट. येताना डबा आणा आणि झाकणाला भोकं पाडून आणा. मागे एकीने श्रीखंडाचा घट्ट झाकणाचा डबा आणला, गाडीच्या डिकीत ठेवला आणि दुपारभर लक्ष्मी रोडला खरेदीला गेली. संध्याकाळी तिचा फोन आला, अहो, वास येतोय.