तीन नावांची बाई आणि एक ग्राफिक्स कार्ड

आधी आकडा सांगून टाकते, कारण भेटेल तो तोच विचारतो. अमेरिकेहून मागवलेलं ग्राफिक्स कार्ड १७० डॉलरचं, शिपिंग ३२ डॉलर, आणि कस्टम म्हणून गेले ३,१२० रुपये. ते ३,१२० मला अजिबात बोचले नाहीत. बोचले ते तेरा दिवस, ज्यात माझं पार्सल दिल्लीच्या विमानतळावर पडून होतं आणि मी इंदूरला बसून मी नक्की कोण आहे हे एका कुरियर कंपनीला पटवून देत होते.

मी घरून काम करते. आर्किटेक्ट लोकांना घरांची, दुकानांची थ्रीडी चित्रं करून देते. आमचं राजेंद्र नगरचं घर लहान, त्यामुळे कंप्यूटरही लहान. त्याच्या कॅबिनेटमध्ये नेहमीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे अशी चित्रं भराभर तयार करणारा कंप्यूटरचा भाग, मावत नाही, अर्ध्या उंचीचं लागतं. इथल्या आरएनटी मार्गावर कंप्यूटरची चार दुकानं फिरले. सगळीकडे एकच उत्तर, "मॅडम, मंगवाना पड़ेगा," आणि मागवतो म्हटलेलं तीन आठवड्यांनीही आलं नाही. मग २०२४ च्या तुळशीच्या लग्नाच्या सुमारास अमेरिकेतल्या एका दुकानातून मीच मागवलं. पार्सल चार दिवसांत दिल्लीत. मी खूश. सासूबाईंना म्हटलंसुद्धा, अमेरिकेहून चार दिवस आणि इथे आरएनटी मार्गावरून तीन आठवडे!

पाचव्या दिवशी मेसेज आला: केवायसी अपलोड करा. केलं. आधार टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: कागदपत्र नामंजूर, नाव जुळत नाही.

इथे माझ्या नावांची हकिकत सांगावी लागेल. लग्नात नवऱ्यानं ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. हौस सगळी सासूबाईंची. ते तांदळातलं नाव, मध्ये नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, असं आधार कार्डावर गेलं. पॅन कार्ड लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. बँकेचं खातंही त्याच नावानं, म्हणजे पैसे त्या नावानं गेले. आणि कामाच्या लोकांत मला ओळखतात ते माहेरच्या नावानं आणि सासरच्या आडनावानं. ऑर्डर टाकताना हात आपोआप तेच लिहून गेला. ही जोडी कुठल्याही सरकारी कागदावर नाही. पासपोर्ट आहे, पण २०१३ मध्ये संपलेला.

म्हणून पॅन टाकलं. नामंजूर. आधार आणि पॅन एकत्र टाकलं. नामंजूर. लग्नाचा दाखला जोडला, त्यात दोन्ही नावं आहेत. दोन दिवस काहीच नाही, मग: "कृपया वैध केवायसी अपलोड करा."

चॅटवर गेले. तिथे दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी सुरुवात गैरसोयीबद्दल दिलगिरीनं. मी सरळ विचारलं, "तुम्हाला कुठलं नाव हवंय तेवढं सांगा. माझ्याकडे तीन आहेत, हवं ते देते." उत्तर आलं, एअरवे बिल नंबर, म्हणजे पार्सलचा नंबर, सांगा. सांगितला. मग उत्तर आलं, कृपया वैध केवायसी अपलोड करा. त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की पोळ्या लाटताना मनात त्याची चाल बसायला लागली होती.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. सासरे म्हणाले, "अगं, एवढं काय, माणिकबागेत जाऊन ये. कस्टमचं ऑफिस तिथेच तर आहे." आहे खरं. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसिउस या जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतलेला तो महाल, आज त्यात कस्टम आणि जीएसटीवाले बसतात. माझा धंदाच घरांच्या चित्रांचा, त्यामुळे मी अर्धी त्या इमारतीसाठीच गेले, खोटं कशाला बोलू. तिथल्या एका गृहस्थांनी पाणी दिलं, मोबाइलवरचा मेसेज नीट वाचला आणि समजावलं: कुरियरनं आलेलं पार्सल जिथे उतरतं तिथेच त्याचा हिशेब होतो, दिल्लीला उतरलं तर दिल्लीला. इंदूरचा त्यात हात नाही. शिवाय, "कागद अभी कस्टम के पास पहुँचा ही नहीं है मॅडम, कुरियरवाले ने रोका है." हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. ट्रॅकिंगवर "कस्टममध्ये अडकलं" असं दिसलं तरी पुष्कळदा ते कस्टममध्ये नसतंच, कुरियरच्या टेबलावर असतं. शिव्या कुणाला द्यायच्या हे तरी नीट ठरवता येतं.

मग नणदेनं सुचवलं, शपथपत्र कर. जिल्हा कोर्टाबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गेले. त्यानं हिंदीत टाइप केलं, "मैं, अमुक उर्फ तमुक उर्फ ढमुक, शपथपूर्वक कथन करती हूँ..." वाचून मलाच मी चंबळच्या खोऱ्यातली वाटले. नोटरीनं जांभळा शिक्का नेमका तिसऱ्या नावावर मारला. अपलोड केलं. नामंजूर: फाइल अस्पष्ट. शेजारच्या दुकानात रंगीत स्कॅन करून परत टाकलं. या वेळी उत्तर लवकर आलं: शपथपत्र स्वीकारार्ह कागदपत्रांच्या यादीत नाही. मग आधी अस्पष्ट कशाला म्हणालात? त्या रात्री मी नवऱ्याशीही धड बोलले नाही. अंगठीनं लिहिलं त्यानंच होतं ना.

अकराव्या दिवशी कुरियरच्या इंदूरच्या शाखेत जाऊन बसले. फोन नाही, मेल नाही, प्रत्यक्ष. काउंटरवरचा मुलगा विशीतला असेल. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. खरं तर फिरवायला नको होती. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "देखो मॅडम, यहाँ जो नाम है वो सेंडर ने भेजा है. वो आप नहीं बदल सकते, हम भी नहीं बदल सकते. सेंडर से बदलवा लो, पाँच मिनट का काम है." म्हणजे जुळवायचं होतं ते इनव्हॉइसवरच्या नावाशी, आणि ते बदलणं फक्त विकणाऱ्याच्या हातात. माझे कागद कितीही खरे असोत, त्यांना एकाच चौकटीतली अक्षरं जुळायला हवी होती. अकरा दिवसांत इतक्या जणांपैकी एकानंही हे वाक्य उच्चारलं नाही.

त्या रात्री दुकानाला मेल लिहिला. आधारवर आहे तसं नाव, स्पेलिंगसकट, इनव्हॉइसवर घाला आणि कुरियरलाही कळवा. सकाळी उठले तर सुधारित इनव्हॉइस आलेलं. पुन्हा आधार टाकलं. संध्याकाळी मंजूर.

म्हणून माझी पहिली सूचना, जी खरं तर वर यायला हवी होती: ऑर्डर टाकतानाच आधारवर जसं नाव आहे तसंच, मधल्या नावासकट, घाला. आपल्याकडे बायकांची नावं बदलतात, पुरुषांचीही मधली नावं कुठे असतात कुठे नसतात, कुठे आडनाव आधी येतं. परदेशी दुकानाच्या फॉर्ममध्ये मधल्या नावाला जागा नसेल तर पहिल्या नावाच्या रकान्यातच दोन्ही लिहा. स्वतःच्या वापरासाठी मागवताना आयात-निर्यात कोड, म्हणजे धंद्यासाठी माल आणणाऱ्यांना लागतो तो सरकारी नंबर, लागत नाही. मला एका ओळखीच्यानं तो काढायला सांगितलं होतं, मी थोडक्यात वाचले.

आता ड्यूटी. वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी कस्टमचा दरपत्रकच वाचून काढला होता, रागानं माणूस अभ्यासू होतो. म्हणून कुरियरचा हिशेब आला तेव्हा मला लगेच दिसलं की त्यांनी माल ९८०४ या शीर्षकात, म्हणजे दरपत्रकातल्या मालाच्या वर्गात, टाकला होता. ते शीर्षक पोस्टानं किंवा विमानानं वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंचं. तिथे तेव्हा आधी मूळ कस्टम ड्यूटी, मग तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत धरून या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. करावर कर. आकडा शेवटी भरल्याच्या दुपटीहून जास्त होता. पण कंप्यूटरच्या भागांचं स्वतःचं शीर्षक आहे, ८४७३ ३०. कंप्यूटरच्या वस्तूंवर आयात ड्यूटी लावायची नाही असा देशादेशांत माहिती तंत्रज्ञान करार आहे; भारत १९९७ पासून त्याचा सदस्य असल्यामुळे तिथे मूळ ड्यूटी शून्य. शून्यावरचा अधिभारही शून्य. उरतो फक्त १८ टक्के आयजीएसटी.

त्याच शीर्षकाखाली, जाता जाता, मला ८४७३ ३० ९२ सापडलं: "ग्राफिक अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी" कार्ड, बहुभाषी कंप्यूटरसाठी. ग्राफिक शब्द बघून क्षणभर वाटलं हेच माझं. मग लक्षात आलं, हे तर जिस्ट, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी कंप्यूटर संस्थेचं, ज्याच्यामुळे जुन्या मशीनवर देवनागरी दिसायची. माझ्या कार्डाशी त्याचा काही संबंध नाही, पण दरपत्रकात त्याचा आकडा अजून बसलेला बघून बरं वाटलं.

मी एकच मेल केला, या वेळी चॅट नाही. इनव्हॉइस, दुकानाच्या पानाची प्रत, कार्डाचा फोटो, आणि दोन ओळी: ही वस्तू कंप्यूटरचा भाग आहे, ८४७३ ३० खाली हिशेब करावा. पैसे भरायच्या आधी हे करा. एकदा भरून माल सुटला की परतावा मागण्याचा रस्ता फार लांबचा. दुसऱ्या दिवशी नवा हिशेब आला. इथे मात्र मी नवऱ्याला बोलावून स्क्रीन दाखवली.

हिशेब असा. कर फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, शिपिंग आणि विमाही धरतात. विम्याची पावती नसेल तर मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे माझे १.९१ डॉलर. शिपिंगचा आकडा माहीत नसेल तर मालाच्या किमतीच्या वीस टक्के धरतात, तेव्हा इनव्हॉइसवर शिपिंग वेगळं लिहिलेलं आहे ना ते बघा. एकूण झाले २०३.९१ डॉलर. डॉलर धरला ८५ रुपयांनी; कस्टमचा दर वेगळा जाहीर होतो, मोबाइलवर दिसतो तो नाही. १७,३३२ रुपये, त्याचे १८ टक्के ३,१२०.

त्यावर कुरियरनं ड्यूटी आगाऊ भरल्याचे ७५० आणि त्यावर जीएसटी १३५. ते सगळेच घेतात, वाद घालण्यात अर्थ नाही. पण शेवटची ओळ होती गोदामभाडं, ६४० रुपये. म्हणजे त्यांनी माझी नावं न वाचल्याबद्दल मीच त्यांना भाडं द्यायचं. भरले, कारण कार्ड हवं होतं.

काही गोष्टी या वेळी कामी आल्या नाहीत, पण वाचल्या म्हणून सांगते. दुकानाला "गिफ्ट लिहा" असं सांगू नका. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली, फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना उरली. किंमत कमी लिहायलाही सांगू नका. सेलमध्ये घेतलं असेल तर बँकेच्या कार्डाचं स्टेटमेंट जपून ठेवा, बिलावरची किंमत फारच कमी वाटली तर पुरावा मागतात. जुने दुरुस्त करून विकलेले, म्हणजे रिफर्बिश्ड, कंप्यूटरचे भाग स्वस्त दिसले तरी मोह टाळा. त्यांच्या आयातीला परवाना लागतो. वायफाय कार्डाला वायरलेस विभागाची मंजुरी लागते, म्हणून मी ते इथूनच घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपवर निर्बंध आले तेव्हा लोकांना वाटलं सगळंच बंद; तो नियम अख्ख्या मशीनचा होता, आणि त्यातही कुरियरनं किंवा पोस्टानं एक मशीन मागवायला मोकळीक होती, ड्यूटी भरून.

पार्सल आलं शनिवारी दुपारी. खोक्यात कार्डाला उंच पट्टी लावलेली आणि अर्ध्या उंचीची पट्टी वेगळ्या पिशवीत, सोबत दोन इवलेसे स्क्रू. एक पलंगाखाली गेला. मुलीनं फुटपट्टीला चुंबक चिकटवून काढला. कार्ड चालतंय, पूर्वी चाळीस मिनिटं घेणारं चित्र आता नऊ मिनिटांत होतं.

गोदामभाड्याचे ६४० परत मागितले आहेत. काल उत्तर आलं: परताव्यासाठी पैसे भरणाऱ्याच्या नावाचं वैध केवायसी अपलोड करा. भरले मी माहेरच्या नावाच्या बँक कार्डानं. पॅन काढून ठेवलंय.