शंभर टक्के वसुलीची वही

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की मजुरी थांबते. मागच्या हंगामाचं भात तोवर कणगीच्या तळाला गेलेलं असतं, नागली (नाचणी) आणि वरई उतारावर अजून हिरवी असते आणि हळवं भात कापायला यायला बरेच आठवडे असतात. श्रावण-भाद्रपदाचे हे दिवस घराघरांत मोजून काढले जातात. १९९२ साली ज्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तीही याच पट्ट्यातली. गावाची धान्य बँक चालते ती नेमकी या दिवसांसाठी. गेल्या श्रावणात कोठी उघडली त्या दिवशी वहीतून जे निघालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

बँकेचा व्यवहार सांगायला सोपा आहे. श्रावणात कुटुंबाला ५० किलो भात मिळतं, कापणी-झोडणी झाल्यावर पौषात ते सवाईने परत करायचं, म्हणजे साडेबासष्ट किलो. वरचे साडेबारा किलो कुणाच्या खिशात जात नाहीत. सुकण्यात, सांडण्यात, किडीत जे जातं ते त्यातून भरून निघतं. सावकाराकडे हेच भात दिढीने फेडावं लागायचं आणि मापही त्याचंच. देताना पायली सपाट, घेताना शिगोशीग. म्हणून आमच्या कोठीत पायलीला जागाच नाही. सगळं काट्यावर, काटा ओट्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि पहिलं पोतं चढवण्याआधी २० किलोचं वजन ठेवून काटा तपासायचा. कोठीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या पाड्यांवरच्या बायांकडे.

लोकांना वाटतं, अवघड काम वाटपाचं. अवघड असतं ते भात टिकवणं. पौषात येणारं भात वरून खडखडीत दिसतं, आत ओल असते. सतरा टक्के ओलीचं एक क्विंटल भात तेरा टक्क्यांपर्यंत वाळवलं की ९५ किलोच्या जरासं वर भरतं. साडेचार किलो नुसतं पाणी असतं आणि ते वहीत धान्य म्हणून जमा झालेलं असतं. ओल बघायला यंत्र लागत नाही. काचेची कोरडी बरणी घ्यायची, तिसरा हिस्सा भरेल इतकं भात आणि दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ टाकायचं, मिनिटभर हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, भात परत उन्हात. जुन्या बाया दाण्याला दात लावूनच सांगतात. कट्‌ आवाज आला तर चालेल, दाणा दबला तर नाही. आम्ही दोन्ही परीक्षा करतो, आणि बायांचा दात सहसा चुकत नाही.

वाळवताना थर दोन बोटांचा, तासातासाला पाय फिरवून हलवायचा. संध्याकाळी मात्र गरम भात तसंच पोत्यात भरायचं नाही. ते आत घाम धरतं आणि आठवड्यात कुबट वास सुटतो. पोत्यांखाली विटा, विटांवर फळ्या, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासून दीड हात जागा मोकळी, म्हणजे मागे माणूस जाऊ शकतो आणि उंदरांच्या लेंड्या दिसतात. दाराखाली करंगळीएवढी फट राहिली तरी उंदराचं पिल्लू आत येतं, तिथं पत्र्याची पट्टी ठोकायची. निर्गुडीचा आणि कडुनिंबाचा सुकवलेला पाला थरांत घालतो, पण त्याने कीड कमी होते, थांबत नाही. टोके (धान्यातले भुंगे) आणि पतंग आवरतात ते भात नीट वाळवलेलं असेल तरच. दर वर्षी कुणीतरी दुकानदाराचं ऐकून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या चार गोळ्या खिशात घालून येतो. त्या कोठीत आणू द्यायच्या नाहीत. त्यांचा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या घरात शिरला तर माणसं मरतात. अशा गोळ्या कुणालाही सुट्या मिळतात, याचा संताप येतो.

नागलीचं काम सगळ्यात कमी. त्या बारीक दाण्याला कीड जवळजवळ लागतच नाही, नीट वाळवलेली असली तर वर्षानुवर्षं राहते. तरीही योजनेच्या कागदावर कायम भातच असतं, नागलीचा रकानाच नसतो.

तर त्या दिवशी वाटपाआधी निधी देणाऱ्या संस्थेचे पाहुणे वही बघायला आले होते. त्यांच्या तक्त्यात एकच आकडा महत्त्वाचा असतो, वसुलीचा. तो शंभर टक्के होता. पाहुणे खूश झाले, पोत्यांशेजारी उभं राहून फोटो झाले, गाडी गेली. मग नावं पुकारायला सुरुवात झाली. समितीतली सगळ्यात वयस्क आजी किल्ली पदराला बांधून काट्याजवळ बसली होती. निम्मी पोती गेल्यावर ती म्हणाली, “पल्याडच्या वाडीचं एकबी नाव आलं नाही. वाडी गेली का कुठं?”

पल्याडची वाडी म्हणजे ओहोळापलीकडची नऊ कातकरी घरं. वाटप थांबवून मागच्या तीन हंगामांच्या वह्या शेजारी-शेजारी उघडल्या. पहिल्या वर्षी ८० घरांनी भात नेलं, त्यात वाडीची नऊच्या नऊ होती. त्यांतल्या सहांना परत करता आलं नाही. वसुली साडेब्याण्णव टक्के. दुसऱ्या वर्षी उरलेल्या तिघांनी नेलं, त्यांनाही फेडता आलं नाही; वसुली शहाण्णव टक्के. तिसऱ्या वर्षी वाडीचं कुणीच आलं नाही, आणि तेच वर्ष शंभर टक्क्यांचं. बँक सुधारत गेली असं तक्ता सांगत होता, आणि त्याच वह्यांतून गावातली सगळ्यात उपाशी नऊ घरं गळून गेली होती.

नियम दोन ओळींचा आहे. परतफेड पौषात, थकबाकीदाराला नवं धान्य नाही. तो गावाने बसवलेला नाही, छापील नमुना नियमावलीतून जसाच्या तसा आलेला आहे. ज्याचं शेत आहे त्याला तो बरोबर बसतो, कारण पौषात त्याच्या खळ्यावर रास असते. कातकऱ्याकडे शेत नाही. दिवाळी झाली की वाडी भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. मोजणीच्या दिवशी वाडीत चिटपाखरू नसतं. या घरांनी फेडायचं तरी कशातून, आणि फेडायला येणार तरी कोण? नियमावली लिहिणाऱ्याने पंचांग पाहिलं, ते फक्त शेतकऱ्याचं.

वाटप उरकल्यावर आजीबरोबर आम्ही दोघं ओहोळ ओलांडून गेलो. पहिल्याच घराखाली पाण्याच्या धारेला टोपली बांधलेली होती, तिच्यात राख घालून उकडलेले कडूकंदाचे काप. रात्रभर धार लागली की कडूपणा उतरतो. कडूकंद आवडीने खाल्ला जातो, त्यात लाजेचं काही नाही. पण या घरात तो रोजचं जेवण झाला होता. डब्याच्या तळाशी रेशनचे तांदूळ मूठ-दोन मूठ.

आजीने घरातल्या बाईला विचारलं, “कोठीवर का नाही आलीस बाय?”

“मागलं दिलं नाही ना आजी. नवं कोणत्या तोंडानं मागू?”

“मग पोरांना काय घालतेस?”

तिने कंदाच्या टोपलीकडे बोट केलं. नंतर हळूच म्हणाली, भट्टीच्या मुकादमाकडून बयाणा उचललाय.

हे ऐकून पाय गळाले. भट्टीचा बयाणा सहसा गणपती ते दिवाळीच्या मधे उचलतात. श्रावणात जो मागायला जातो तो उपाशी आहे हे मुकादमाला कळतं, आणि हजार विटांचा भाव तिथंच पाडला जातो. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची, म्हणजे खाण्यापुरते पैसे, मिळते, ती अंगावर चढते. निघताना हिशेब होतो, तेव्हा बयाणा आणि खर्ची वजा जाऊन हातात काही राहत नाही, उलट बाकी निघते आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जाणं भाग पडतं. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ पासून आहे. पण श्रावणात हातावर ठेवलेल्या पैशांचा कागद कुठं असतो? सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून कोठी उभी राहिली, आणि कोठीच्याच नियमाने हे घर मुकादमाच्या दारात गेलं.

रेशनचा हिशेबही तिथंच बसून केला. घरात नवरा-बायको आणि तीन मुलं. कार्ड अजून सासऱ्याच्या नावावर, मुलांची नावं चढलेली नाहीत. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, म्हणजे यांच्या वाट्याला १०. अंगमेहनत करणारं मोठं माणूस दिवसाला साधारण अर्धा किलो धान्य खातं. मुलांचं धरून या घराला रोज पावणेदोन किलो लागतं. दहा किलो सहाव्या दिवशी संपतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, आणि अशा जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच सांगितलेलं आहे. अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यात गरिबांच्या कार्डाचं, धान्य घराला महिन्याला ३५ किलो. पुरवठा शाखेत विचारलं की उत्तर ठरलेलं: आधी जन्मदाखला, मग आधार, मग नाव. मुलं भट्टीवर जन्मलेली, दाखला दुसऱ्या तालुक्यातून काढायचा, आणि त्यासाठीचा खाडा या घराला परवडत नाही. टेबलामागच्या माणसाला हे सगळं ठाऊक असतं, तरी तो अर्ज परत करतो. त्याला क्षमा नाही.

त्या संध्याकाळी समितीने थकबाकी बाजूला ठेवून नऊही घरांना भात द्यायचं ठरवलं. पोतं देऊन भागत नाही, हे इथं सांगायला हवं. ५० किलो भात डोक्यावर घेऊन भरलेला ओहोळ ओलांडता येत नाही. भात भरडायला गिरणी गावात, आणि भरडाईला रोख पैसे लागतात. म्हणून प्रत्येक घराचं भात २५-२५ किलोच्या दोन हप्त्यांत, गिरणीतूनच भरडून दिलं आणि भरडाई कोंड्यात वळती केली. पन्नास किलोचे तेहतीस किलोच्या आसपास तांदूळ झाले.

पुढच्या बैठकीत आवाज चढले. एका शेतकऱ्याने विचारलं, “आम्ही थंडीत राबून सवाईनं आणून घातलं, त्यांना माफ का?” प्रश्न रास्त आहे, त्याला दटावून उपयोग नाही. म्हणून आकडे मांडले. ८० घरांना ४० क्विंटल भात दिलं आणि वाडीच्या नऊ घरांनी एक दाणाही परत केला नाही, असं धरू. उरलेली ७१ घरं साडेपस्तीस क्विंटल नेतात, सवाईने चव्वेचाळीसच्या थोडं वर परत येतं. सुकून बेचाळीस क्विंटल आणि काही किलो राहतं. साठवणीत तीन टक्के गेलं तरी ४१ क्विंटल हातात, म्हणजे बँक बुडत नाही. उलट साठवण ढिली असेल आणि दहा टक्के गेलं, तर सव्वाचार क्विंटल उंदीर-टोक्यांच्या पोटात जातं. वाडीचं सगळं मिळून भात साडेचार क्विंटल. उंदरांची थकबाकी आजवर कुणी वहीत मांडलेली नाही.

आकडे पटले, पण फुकट घ्यायला वाडीच तयार नव्हती आणि फुकट द्यायला गावही नव्हतं. मग मार्ग आजीनेच काढला. मे महिन्याच्या शेवटी कोठी रिकामी करून ऊन द्यावं लागतं, भात चाळायचं, जमीन सारवायची, पोती शिवायची. तेव्हा गावातल्या माणसांना स्वतःच्या शेताची राब-नांगरटीची घाई असते, आणि वाडी नेमकी तेव्हाच भट्टीवरून परत आलेली असते. त्या कामाची मजुरी भातात मोजून परतफेडीत वळती करायची, भाव शेतमजुरीला गावात चालतो तोच. वहीत दोन नवे रकाने आखले: ‘मागच्या वर्षी नेलं, या वर्षी आले नाहीत’ आणि ‘का’. वाटपाच्या आठवडाभर आधी या रकान्यातल्या घरी समितीतल्या दोघींनी जाऊन यायचं.

निधी देणाऱ्यांना हे कळवलं. उत्तर आलं की वसुली खाली दिसेल, शेरा जोडा. शेरा जोडला आहे, तक्ता मात्र तोच आहे.

वाडीच्या जुन्या साडेबासष्ट-साडेबासष्ट किलोंचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. समितीतल्या काहींचं म्हणणं, ते पौषातल्या मोजणीनंतर ठरवू. पण पौषात वाडी भट्टीवर असेल आणि निर्णय तिच्या पाठीमागे होईल. म्हणून ती बैठक दिवाळीआधी, ओहोळापलीकडे वाडीतच घ्या, आणि अंत्योदयचे नऊ अर्ज त्याच दिवशी भरून घ्या, असा आग्रह धरला आहे.