११ फेब्रुवारीचा आकाशकंदील

सांगलीत राहून मी मालवण-वेंगुर्ल्याच्या डॉल्फिनची ओळख पटवते. होडीवरची पोरं फोटो पाठवतात, मी विश्रामबागेतल्या घरी पाठीवरचे पर जुळवत बसते. हम्पबॅक डॉल्फिनच्या पराची मागची कड पातळ असते. जाळ्यात, भांडणात ती फाटते, खाच पडते. दातांचे ओरखडे काही महिन्यांत पुसट होतात. खाच भरून येत नाही. शिवाय ती आरपार असल्याने डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी ओळखू येते. म्हणून माझा सगळा भरवसा खाचेवर.

मार्च २०२४, मालवण: टोकाखाली दोन बारीक खाचा, बुडाशी एक रुंद, कोयरीसारखी. फेब्रुवारी २०२४, वेंगुर्ला: तीच कोयरी, तीच वरची खाच, पण मधल्या खाचेच्या जागी मोठा लचका तुटलेला. फेब्रुवारीत फाटलेली कड मार्चमध्ये धड कशी असेल? मी 'वेगवेगळे' असा शेरा मारला. एका प्राण्याचे दोन झाले आणि तोच आकडा अहवालात गेला.

मन मात्र त्या कोयरीपाशीच अडकलेलं. परवा त्या दिवसाचे सगळे फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. एकाच्या कोपऱ्यात दुसरी होडी, तिच्या काठीला आकाशकंदील. फेब्रुवारीत?

ते फोटो काढणाऱ्या होडीवरच्या पोराला लगेच फोन लावला. "अरे, कॅमेऱ्यात तारीख कुणी घातली होती?"

"मीच, ताई. पाडव्याला निघताना बॅटरी बदलली, तेव्हा."

पाडवा २ नोव्हेंबरला होता. महिन्याच्या जागी दिवस गेला, दिवसाच्या जागी महिना; झाली ११ फेब्रुवारी. त्या तारखेचा जीपीएसचा माग सापडत नव्हता, तेव्हा 'यंत्र बंद असेल' म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. हे मला फार लागलंय. पर नेमका बाजूने दिसावा म्हणून हा मुलगा तासन्‌तास उन्हात उभा असतो, त्याला मी बोल लावणार नाही. पण निघताना जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो काढायचा, म्हणजे दोन्ही घड्याळं ताडून बघता येतात, एवढं साधं आम्ही वरच्यांनी त्याला शिकवलं नव्हतं.

प्राणी एकच. मार्चमध्ये मालवणला, नोव्हेंबरात वेंगुर्ल्याला, आणि मधल्या आठ महिन्यांत कधीतरी पर तुटलेला.

दुरुस्ती कळवली. आता तारखेपायी नाकारलेल्या सगळ्या जोड्या बाहेर काढल्या आहेत. दिवसाचा आकडा बारापर्यंतचा असेल त्या आधी, कारण अदलाबदल तिथेच होऊ शकते. काल रात्रीपर्यंत नऊ झाल्या.