आत्याच्या सीडीतली मराठी

माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शाळेत मराठी शिकवायची. रिटायर झाल्यावर तिने घरच्या कॉम्प्युटरवर बसून पाच-सहा वर्षं आठवणी लिहिल्या, लहानपणीचं घाटाखालचं गाव, शाळेतली पोरं, आजीच्या तोंडच्या ओव्या, सगळं. चौदा फायली, एका सीडीवर. मागच्या उन्हाळ्यात तिने ती सीडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "हे मला फोनवर वाचता येईल असं करून दे ना, अक्षर मोठं करून वाचत बसेन." मी म्हटलं, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम.

फाइल उघडली आणि स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टोपी घातलेली युरोपियन अक्षरं. पानंच्या पानं. एक शब्द मराठी नाही. आत्या शेजारीच बसली होती, तिने विचारलं, "गेलं का गं सगळं?" मला त्या क्षणी खरंच उत्तर देता आलं नाही.

गेलं नव्हतं, पण ते का दिसत नव्हतं हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर जो राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

झालं होतं असं. आपल्याकडे डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या काळात जे मराठी फॉन्ट वापरले गेले त्यातल्या बहुतेकांत अक्षरं साठवलेलीच नव्हती, अक्षरांची चित्रं साठवली होती. कॉम्प्युटरला वाटायचं हा माणूस इंग्रजी लिहितोय, फक्त त्या इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्ट मराठी आकार दाखवायचा. तेही पूर्ण अक्षर नाही बरं का, जागा मोजक्याच म्हणून तुकडे केलेले, अर्धा प वेगळा, पुढचा उभा दंड वेगळा, दोन्ही शेजारी ठेवले की प दिसणार. तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खाली दडलेला इंग्रजी कचरा वर येतो. आणि प्रत्येक फॉन्टची वाटणी वेगळी, एकात ज्या बटणावर क त्याच बटणावर दुसऱ्यात भलतंच काहीतरी.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक, त्यात असं नाही. तिथे क ला स्वतःचा नंबर आहे, ०९१५, जगात कुठल्याही मशीनवर तोच. फॉन्ट बदला, फोन बदला, क तो क च राहतो. देवनागरीला त्यात १२८ जागांचा सलग तुकडा मिळालेला आहे आणि हे कधीपासून, तर पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून! त्याच साली भारतीय मानक ब्यूरोनेही इस्की नावाचं भारतीय लिप्यांचं मानक जाहीर केलं होतं आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्याच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेचं भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं जिस्ट नावाचं काम तर आपल्या पुण्यातलं. भारतीय लिप्या टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डचा आराखडा १९८६ चा. म्हणजे अक्षर अक्षर म्हणून साठवायचं कसं हे आपल्याच लोकांना चांगलं माहीत होतं आणि तरी माझ्या आत्याने २००५ नंतर टाइप केलेलं सगळं चित्रांत अडकलं, कारण कॉम्प्युटर लावून देणाऱ्याने छापखान्यात चालतो तोच फॉन्ट तिच्या मशीनवर टाकून दिला, आणि तिला कुणी सांगितलंच नाही की विंडोजमध्ये मंगल नावाचा युनिकोड फॉन्ट २००० सालापासून येतोय. विंडोज एक्सपीमध्ये तर सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांचा सपोर्ट चालू करावा लागायचा, विंडोजची सीडी घालून. कोण करणार होतं ते?

मग कन्व्हर्टर शोधले, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे. इंटरनेटवर लोकांनी प्रेमाने बनवून फुकट ठेवलेले आहेत, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण नुसतं याच्या जागी ते टाकलं की झालं असं नसतं. जुन्या फॉन्टमध्ये जसं डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाइप व्हायचं, युनिकोडमध्ये जसं तोंडाने बोलतो त्या क्रमाने. 'किती' मध्ये जुना फॉन्ट आधी वेलांटी साठवतो मग क, युनिकोड आधी क मग वेलांटी. हे सोपं झालं. 'स्थिती' आला की वेलांटीला अख्ख्या स्थ च्या पलीकडे उडी मारायला लागते. आणि 'आर्थिक' घ्या, जुन्यात आ, वेलांटी, थ, रफार, क असं साठवलंय, ते युनिकोडमध्ये आ, र, हलंत (पाय मोडायची खूण), थ, वेलांटी, क असं व्हायला हवं, म्हणजे रफार मागे गेला आणि वेलांटी पुढे आली, दोघं एकमेकांना ओलांडून. कन्व्हर्टर इथेच अडखळतात. एकेका फाइलमध्ये अशा शेकडो जागा, आणि मी सलग तीन शनिवार-रविवार तेच करत होते.

तेरा फायली निघाल्या. प्रिंट काढून आत्याला दिल्या, ती लाल पेन घेऊन बसली, चाळीस वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी फोन आला, "अगं, मी सह्याद्रीच्या दऱ्या लिहिलंय, तू दर्या केलंस. समुद्र कुठून आला डोंगरात?"

मला इतकं वाईट वाटलं आणि तितकाच आनंद झाला, कारण ही चूक पकडायला मराठीच माणूस लागतो. आपला हा अर्धचंद्र र, दऱ्या मधला, आचाऱ्यांना मधला, तो बदलला की अर्थच बदलतो, आचाऱ्यांना वाढायला सांगितलं आणि आचार्यांना वाढायला सांगितलं यात केवढा फरक. कन्व्हर्टरच्या तक्त्यात तो आकारच नव्हता, त्याने सगळीकडे रफार टाकून दिला. आता ते आपोआप दुरुस्तही करता येत नाही, कारण दर्या हाही खरा शब्द आहे. एकेक जागा वाचूनच ठरवावी लागली. ते काम आत्याने केलं.

आणि युनिकोड आलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असंही मी म्हणणार नाही. हाच अर्धचंद्र र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक ऱ वापरून आणि दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधताना मात्र वेगळे. तसंच ॲ. हा आपला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, तोवर सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि कितीतरी कीबोर्डवरून अजून तसंच होतं, त्यामुळे एकाच 'ॲप' या शब्दाची दोन रूपं फिरतायत आणि साधं सर्च एकाला शोधताना दुसऱ्याला सोडून देतं. शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला, पण फोनवर बहुतेकदा हिंदी वळणाचेच ल आणि श दिसतात. तो प्रश्न फॉन्टचा आहे, साठवण्याचा नाही, म्हणून मला त्याची तेवढी भीती वाटत नाही. चांगला फॉन्ट उद्या बसवता येईल. आत अक्षर असलं पाहिजे.

मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ते जुने फॉन्ट मागे पडत चालले आणि आपण परत चित्रांकडेच निघालोय. व्हॉट्सॲपवर फिरणारा मराठी मजकूर बघा, कविता, सूचना, औषधांची माहिती, सोसायटीची नोटीस, निम्म्याहून जास्त फोटो. कितीतरी कार्यालयांची परिपत्रकं कागद स्कॅन करून टाकलेली, नाहीतर पीडीएफ अशी की दिसते मराठी आणि कॉपी केली की तोच इंग्रजी कचरा. त्यातलं काही शोधता येत नाही. ज्याला डोळ्याने दिसत नाही त्याचा स्क्रीनरीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तिथे गप्प होतो, एनव्हीडीए सारखं फुकट सॉफ्टवेअर मराठी वाचून दाखवतं पण वाचायला आत अक्षर तर पाहिजे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढी माणसं रोज लिहितात, बोलतात, आणि मशीनला मराठी धड येत नाही अशी तक्रार करतात. कशी येणार, आपण तिच्यापुढे फोटो ठेवतोय.

एसएमएसच्या काळात रोमन लिपीत लिहायला निदान कारण होतं. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजला १६० जागा मिळायच्या, देवनागरीत ७०, म्हणजे तेच वाक्य पाठवायला दुप्पट पैसे. आता तसं काही राहिलेलं नाही. बोलून टाइप होतं, फुकट कीबोर्ड आहेत, मुक्त परवान्यातले मुक्तासारखे सुंदर फॉन्ट आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथे जे लोक बसून एकेक लेख टाइप करतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही स्टेटस ठेवला होता, तोही फोटोच होता, हे आता लक्षात येतंय. तेव्हापासून मी फोटो पाठवला तरी खाली तोच मजकूर टाइप करते. दोन मिनिटं जातात.

घरात कुणाची जुनी सीडी, पेनड्राइव्ह, वडिलांचं हस्तलिखित टाइप करून घेतलेली फाइल असेल तर ती या महिन्यात उघडून बघा. फाइलबरोबर फॉन्टची फाइलही असेल तर ती आधी जपून ठेवा, तीच किल्ली आहे. आणि ज्याने लिहिलंय तो माणूस समोर असेपर्यंत करा, कारण दऱ्या की दर्या हे तोच सांगू शकतो.

चौदावी फाइल राहिलीय. तिचा फॉन्ट वेगळा निघाला, कुठेच मिळत नाही आणि त्याचा कन्व्हर्टरही नाही. आजीच्या ओव्या नेमक्या त्याच फाइलमध्ये आहेत. ओव्या लिहून ठेवल्या म्हणून आत्या निर्धास्त होती, आता तिला सगळ्या आठवत नाहीत, पण पहिल्या चार-पाच अजून तोंडपाठ आहेत. मग आम्ही असं करतोय की ती रविवारी फोनवर ओवी सावकाश म्हणते आणि मी फाइलमधल्या त्या कचऱ्याच्या ओळीवर बोट ठेवून बघते, हे चिन्ह म्हणजे ज असणार, हे म्हणजे काना, हे दोन तुकडे मिळून त. वहीत तक्ता करतेय. एकोणचाळीस चिन्हं लागलीत. मागच्या रविवारी पहिल्यांदाच तिला न आठवणारी एक ओळ मी तिला वाचून दाखवली, मधली दोन अक्षरं कळत नव्हती, ती तिने भरली.